कॉम्प्युटरमधलं वय

आमच्या वधू-वर सूचक केंद्रात तीन वर्षं एकच तारीख चालू होती, एकतीस ऑक्टोबर दोन हजार बावीस. बाहेर सांगलीत नदी पात्राबाहेर येऊन परत गेली, निवडणुका झाल्या, हळदीचे भाव चढले आणि उतरले. आत मात्र केंद्राचं काम बघणाऱ्या चंदनबालाअक्का सकाळी यायच्या, भगवंतांच्या तसबिरीला हात जोडायच्या, कॉम्प्युटरवरचं फडकं काढायच्या आणि पहिलं काम म्हणून त्याला तारीख सांगायच्या. रोज तीच.

तारीख सांगावी लागायची, कारण कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, ती मेली की त्याला दिवसाचं भान राहत नाही. आमची कधीच मेली होती. चालू केलं की तो दोन हजार दहा सालात जागा व्हायचा. सुरुवातीला अक्का भिंतीवरचं कॅलेंडर बघून खरी तारीख घालायच्या. नवी बॅटरी दोन-तीन चहाच्या पैशात येते, पण जे फुकट चाललंय ते बदलायचं नाही, ही आमच्या समितीची रीत. मी या समितीचा चिटणीस. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, म्हणून सगळे सर म्हणतात. विचारत मात्र कोणी काही नाही.

आता ती तारीख तिथंच का थांबली, हे सांगायचं तर आमच्या अध्यक्षांपासून सुरुवात करावी लागेल. आदगोंडाअण्णा केंद्र निघालं तेव्हापासून अध्यक्ष आहेत. आमच्या जैन समाजातले लोक मुलाचं नाव नोंदवायला धावत येतात, पण लग्न ठरलं की केंद्राला कळवायची कुणाला आठवण राहत नाही. मग लग्न झालेला वर यादीत तसाच. एकदा एका मुलीचे वडील आमच्या यादीवर भरवसा ठेवून मुलाच्या घरी गेले, तर तिथं मुलाच्या मुलाचं जावळ चाललेलं. त्यांना जेवून जा म्हणाले. जेवले ते, पण परत जाताना केंद्रात येऊन अण्णांना जे बोलले ते इतिवृत्तात लिहिण्यासारखं नव्हतं.

अण्णांनी त्यावर तोड काढली. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याकडून प्रोग्राम करून घेतला आणि त्यात नियमच घालून टाकला. मुलाला पस्तीस पुरी झाली आणि मुलीला तीस, की नाव यादीतून आपोआप जाणार. "आपल्यात पस्तिशीपातूर बिनलग्नाचा पोरगा ऱ्हातोय व्हय?" अण्णा म्हणाले होते. "एक दाखवा, मिशी काढतो." तेव्हा कोणी दाखवू शकलं नाही, हेही खरं.

पुढं दिवस पालटले. मुली शिकल्या, पुण्या-बंगळूरला गेल्या. मुलींकडच्यांचं म्हणणं असं की जमीन पाहिजे, पण जमीन करणारा नको. अक्कांचा मुलगा गोमटेश तासगावच्या बाजूला द्राक्षं करतो. बी.कॉम. आहे, निर्व्यसनी आहे, बाग बघायला लोक लांबून येतात. बाग बघून जातात. नोव्हेंबर बावीसमध्ये त्याला पस्तीस पुरी झाली आणि त्या सकाळी अक्कांनी यादी काढली, तर पोराचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि तारीख घालायच्या आधी यादी बघितली. गोमटेश होता. खरी तारीख घातली, गेला. तारीख थोडी मागे घेतली, आला. मी हयातभर मुलांना प्रयोग कसा करावा ते शिकवलं, पण इतका स्वच्छ प्रयोग एकाही वर्गात बघितला नाही. अक्कांनी कुणाला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून केंद्रात रोज एकतीस ऑक्टोबर उजाडायला लागला आणि गोमटेश चौतीस वर्षांचा राहिला. त्याच्याबरोबर आणखी कितीतरी मुलं चौतीसवर राहिली. छापील कागदांच्या कोपऱ्यात ती तारीख मला दिसायची. मी गप्प बसलो. एका आईच्या मध्ये पडायला मला कोणी पगार देत नव्हतं.

हे असंच चाललं असतं, पण परवाच्या दिवाळीनंतर जिनेशनं विषय काढला. जिनेशचं मारुती चौकाच्या बाजूला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचा प्रिंटर बंद पडला म्हणून तो आला आणि कपाळाला हात लावून बसला. अण्णांनी मग समितीची सभाच बोलावली.

"अण्णा, हे विंडोज सेव्हन आता कोण सांभाळत न्हाई," जिनेश म्हणाला. "ह्यावर मेल उघडत न्हाई, व्हॉट्सॲप लागत न्हाई. वर तारीख चुकलेली. नेट म्हणतंय, आधी घड्याळ नीट करा, मग या. आता मुलींकडचे कागद घिऊन येत न्हाईत, फोनवरनं बायोडाटा धाडत्यात. ते ह्यात येतच न्हाई. गेल्या वर्षात नव्या मुली किती आल्या सांगा की."

मी नोंद बघून सांगितलं. दोन्ही हातांची बोटंसुद्धा लागली नाहीत.

"मग काय करायचं म्हणतोस?"

"नवी बॅटरी, नवी डिस्क आन वर विंडोज टेन. इलेव्हन ह्या मशिनवर बसत न्हाई. टेनचीबी मुदत संपली, पर सेव्हनपरीस लय बरं. तुमचा प्रोग्राम त्याच्यावर चालतोय, मी बघितलंय."

"मग घाल की. आडवलंय कुणी?" अण्णा म्हणाले.

जिनेशनं अक्कांकडं बघितलं. त्याला सगळं कळलेलं होतं, पण वयानं लहान, कसं बोलणार? शेवटी अक्काच बोलल्या. आवाज चढवला नाही की खाली मान घातली नाही.

"खरी तारीख आली की माझा गोमटेश यादीतनं जातोय, अण्णा. पस्तिशीच्या वरची सगळी जात्यात. मी तारीख धरून ठिवलीया म्हणून हायत."

सभेत असा सन्नाटा मी याआधी फक्त वर्गणी वाढवायचा ठराव आला तेव्हाच ऐकला होता. अण्णा म्हणाले, "मग त्यो नियम काढून टाक की रं जिनेश." जिनेश म्हणाला, नियम प्रोग्रामच्या आत कुठं लिहिलाय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. लिहिणारा कॅनडात आहे आणि फोन उचलत नाही. नवा प्रोग्राम करता येईल, पण सगळ्या नोंदी पुन्हा हातानं भरायच्या, त्याला वर्ष जाईल. तोवर तारीख मागं ठेवून नवं विंडोज चालवता येईल का, असं मी विचारलं. चालेल, पण नेट चालणार नाही, म्हणजे मुलींचे बायोडाटा येणार नाहीत आणि सगळा खर्च पाण्यात.

म्हणजे मुली यायला हव्या असतील तर मुलं जाणार आणि मुलं ठेवायची असतील तर मुली येणार नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"माझा पुतण्याबी जाईल की मग," अण्णा हळूच म्हणाले. तो सदतीसचा. त्यावर सगळ्यांची नजर अण्णांच्या मिशीकडं गेली आणि सगळ्यांनी ती लगेच दुसरीकडं वळवली. अण्णांनी आपोआपच ओठांवर हात ठेवला.

आमच्यातले बरेच जण दिवस बुडाल्यावर खात नाहीत, आणि सभेला उपीट करून ठेवलेलं असतं. त्यामुळे हिवाळ्यात आमच्या समितीचे निर्णय फार झटपट होतात. अण्णांनी खिडकीतून उन्हाकडं बघितलं, मग उपिटाच्या पातेल्याकडं बघितलं आणि घसा खाकरून म्हणाले, "रोज तिथं अक्का बसत्यात. अक्का म्हणतील तसं करू." ठराव एकमतानं मंजूर झाला. सगळ्यांचं ओझं एका बाईच्या डोक्यावर देऊन मंडळी खायला उठली. मला या लोकांचा राग आला. मीही उपीट खाल्लं.

सगळे गेल्यावर गोमटेश आईला न्यायला आला. बागेच्या औषधासाठी सांगलीत आला होता, पिशवी हातात तशीच. उंच, उन्हानं रापलेला माणूस, कानाजवळचे केस पांढरे. त्याला चौतीसचा म्हणायचं तर सांगणाऱ्याचीच जीभ अडखळावी.

"काय ठरलं?" त्यानं विचारलं.

"माझ्यावर टाकलंय," अक्का म्हणाल्या.

"मग करून टाक."

"आरं, तुझं नाव जातंय."

"जाऊ दे की."

"जाऊ दे म्हणं!" अक्का उसळल्या. "यादीत नाव न्हाई म्हंजे इषय संपला, असं म्हणत्यात लोक. तेवढं नाव हाय म्हणून कोणतरी दार वाजवतंय."

"कोण वाजवतंय, आई?" गोमटेश म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "सर, तुमास्नी ठावं न्हाई. कोरेगावला बघायला गेल्तो. पोरीचे मामा मास्तर निघाले. मला इचारलं, धावी कवाची. मी सांगितलं दोन हजार तीनची. त्यांनी माझ्यासमोर बोटं मोजली. आई चौतीस म्हणत हुती आन मी चटईकडं बघत हुतो. पोरगी च्या घिऊन आली, ती तशीच आत गेली. तिला वाटलं आसंल, चोर आलेत घरात."

अक्कांनी फडकं घेतलं आणि कॉम्प्युटर झाकला.

"मला लगीन पायजे, न्हाई म्हणत न्हाई मी," गोमटेश म्हणाला. "दिसभर बागंत राबायचं आन घरी आल्यावर तू आन मी भिंतीकडं बघत जेवायचं. लय खायला उठतंय घर. मलाबी वाटतंय कोणतरी असावं, भांडावं, इचारावं कुठं हुता म्हणून. पर चौतीसचा म्हणून नगं. जी यील ती अडतीसला बघून यील. न्हाईतर नगं यिऊ दे."

माझ्यासमोर तो एवढं बोलला याचं मला आश्चर्य वाटलं. एरवी तो बागेतल्या भुरीपलीकडं, म्हणजे द्राक्षांवरच्या रोगापलीकडं, बोलत नाही.  अक्कांनी मला विचारलं, "सर, तुमी काय म्हणता?"

मी म्हटलं, घड्याळ थांबवून वय थांबत नसतं. हे वाक्य बोलताना मला बरं वाटलं आणि बोलून झाल्यावर लाज वाटली.

"ते मला कळतंय, सर," अक्का म्हणाल्या. "मी आडाणी न्हाई." आणि मग पिशवी उचलता उचलता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जिनेशला सांगा, घिऊन जा म्हणावं."

जिनेशनं कॉम्प्युटर दुकानात नेला. तीन-चार दिवस टेबल रिकामं होतं. त्या दिवसांतही अक्का रोज आल्या, टेबल पुसलं, कागद लावले, आणि दुपारी माझ्याशी एकदाही गोमटेशचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. एकदा तेवढं म्हणाल्या, "बारीक हुता तवा लय चपळ हुता ओ." 

कॉम्प्युटर परत आला तेव्हा तो झटक्यात चालू झाला. पडद्यावर आजची तारीख होती, कुणी न सांगता. अक्कांचा हात सवयीनं पुढं गेला, पण करायला काही उरलं नव्हतं. त्यांनी यादी उघडली. मुलांची यादी एकदम लहान झाली होती. जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता. गोमटेश नव्हता. नसणार हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, जिनेशला ठाऊक होतं. तरी अक्कांनी यादी पुन्हा वरून, एकेका नावावर बोट ठेवून बघितली. मला वाईट वाटलं. 

"ही नावं गेली कुठं, बघू का?" जिनेश म्हणाला. "पुसली तर न्हाईत. कुठंतरी ठेवली आसणार."

त्यानं इकडं तिकडं शोधून एक पान उघडलं. इतक्या वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं, कारण कुणाला गरजच पडली नव्हती. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'विवाह संपन्न'. बाजूला कलशाचं चित्र, आंब्याची पानं, नारळ. खाली नावं. ज्याला पस्तीस पुरी झाली त्याचं लग्न झालं, असं अण्णांनी सांगितलं होतं आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरानं ते इमानानं लिहिलं होतं. प्रत्येक नावापुढं, न चुकता, 'अभिनंदन!'

गोमटेशच्या नावापुढंही होतं.

अक्कांनी ते वाचलं. मग हसायला लागल्या. "झालं बगा लगीन," त्या म्हणाल्या. "सून कुठाय तेवढं इचार रं त्याला, जिनेश." त्या हसत होत्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. तो लवकर खाली आला नाही. जिनेश उगाचच वायरी नीट करत बसला. मी पाणी आणायला उठलो, कारण मला तिथं बसवेना.

पाणी घेऊन आलो तर अक्का पडद्याला नाक लावून बसलेल्या. त्याच पानावर खाली मुलींची नावं होती. तीस ओलांडलेल्या. ती काही एकाएकी आलेली नव्हती, कितीतरी जणी आधीपासूनच तिथं होत्या. त्यांची तारीख कोणी धरून ठेवली नव्हती.

"हिचं कुठं झालंय?" अक्का एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या. "हिची आई मला मागच्या म्हैन्यात बस्तीत दर्शनाला आली तवा भेटली, पोरीच्या काळजीनं रडत हुती. आन ही बगा, ही पलूसची. हिचंबी न्हाई झालं. हितं सगळ्यांचं लगीन झालंय म्हणं!"

"काखेत कळसा आन गावाला वळसा," जिनेश म्हणाला.

मी म्हटलं, यांच्यातल्या निम्म्या जणींची खरोखर झाली असतील, मुलं शाळेत जात असतील. अक्का म्हणाल्या, मग विचारल्याशिवाय कळणार कसं? मी म्हटलं, आधी अण्णांना विचारू, समितीत घेऊ. अक्कांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी चष्मा पुसायला काढला.

त्यांनी एक नाव निवडलं. विजयमाला, फलटण, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. वय छत्तीस. अक्का फोन नेहमी मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवतात, त्यामुळे आम्हा तिघांनाही ऐकू येत होतं. घंटी बराच वेळ वाजली.

"जय जिनेंद्र. सांगलीच्या वधू-वर केंद्रातनं बोलतीया. विजयमालाच्या आई हायत का?"

"मी विजयमालाच बोलतेय. हा नंबर माझाच आहे."

अक्का गडबडल्या. आजवर त्या आयांशी बोलत आल्या होत्या, मुलींशी नाही. माझ्याकडं बघितलं. माझा काही उपयोग नव्हता.

"तुमचं... लगीन झालंय का?"

पलीकडं यंत्रांची घरघर ऐकू येत होती. "तुमच्या केंद्रानं मला सहा वर्षांपूर्वी यादीतून काढलं," ती बाई म्हणाली. राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "आईनं तीनदा फोन केले. नियम आहे म्हणालात. आता कशाला विचारताय?"

"काढलं न्हाई, बाई. आमच्या कॉम्प्युटरनं तुमचं लगीन लावून टाकलंय. आमालाबी आजच कळलं."

 पलीकडून हसू आलं, मोठं, मोकळं.

"कुणाशी?"

"ते न्हाई लिवलं त्यानं."

"बरं केलं." हसू थांबलं. "नाही झालं माझं. का फोन केलात ते सांगा. कामावर आहे मी."

अक्कांनी तोंड उघडलं. तीन वर्षं जो आकडा त्या सांगत आल्या होत्या तो ओठावर आलेला मला दिसला, कारण ओठ तसे हलले. जिनेश मान खाली घालून बसला होता. अक्कांनी फोन हातात घेऊन तोंडाजवळ आणला.

"माझा मुलगा हाय," त्या म्हणाल्या. "द्राक्षं करतोय. अडतीस पुरी झाली त्याला."